काडीचा संबंध

स्वीडनमधल्या ज्या गावी माझी लेक राहते, त्या गावाचं नाव मला दीड वर्ष धड म्हणता येत नव्हतं. लिहिलेलं पाहावं तर सुरुवातीला ‘ज’ दिसतो, तो म्हणायचा ‘य’. मध्ये ‘क’ दिसतो, तो म्हणायचा ‘श’. शेवटी जावईच म्हणाले, “आई, सरळ यॉनशॉपिंग म्हणा. बाजारात निघाल्यासारखं.” शेजारणींना सांगायला हे सोपं पडलं. फक्त त्या विचारायच्या, “अगं बाई, एवढ्या लांब शॉपिंगला?” तिथे गेल्यावर कळलं की त्या नावाच्या शेपटाचा अर्थ खरोखरच ‘बाजारपेठ’ असा आहे. जावयांचा विनोद त्यांच्या नकळत बरोबर निघाला होता.

माझं आयुष्य मध्य रेल्वेवर ओळीने लागणाऱ्या तीन स्टेशनांत गेलं. जन्म अंबरनाथचा, नोकरी उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमधल्या मराठी शाळेत, आणि निवृत्तीनंतरचा फ्लॅट बदलापूरला, कारण तिथे परवडला. या टोकापासून त्या टोकापर्यंत लोकलने जेमतेम पाव तास. अशा बाईला जून महिन्यात रात्री दहा वाजता उन्हात बसवलं तर तिचं काय होणार? पहिले चार दिवस मी देवाला दिवा कधी लावायचा हेच विचारत होते. समोर व्हेटर्न नावाचं तळं. तळं कसलं, समुद्रच! पलीकडचं टोक दिसत नाही. आणि पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. काठावर कोणी कपडे धूत नव्हतं, निर्माल्य टाकत नव्हतं, फक्त दोन म्हातारे पाय सोडून कॉफी पीत बसले होते.

पाचव्या दिवशी लेक म्हणाली, “आई, आज तुला एका ठिकाणी नेते. मुद्दाम राखून ठेवलं होतं.” रेल्वे स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर जुन्या कारखान्याच्या इमारतींचा एक पुंजका आहे. एका इमारतीत कॉफीचं दुकान, दुसरीत नाटकाचं थिएटर, तिसरीत जुन्या रेडिओंचं संग्रहालय. तरणी मुलं सायकली भिंतीला टेकवून उभी. मी म्हटलं, छान आहे. लेक म्हणाली, “अजून बघितलं कुठे?” आणि तिने मला एका बुटक्या जुन्या इमारतीत नेलं. आत शिरले आणि काचेपलीकडे काय दिसावं? काडेपेटी. एक नव्हे, भिंतीच्या भिंती भरून काडेपेट्या.

माझे बाबा अंबरनाथच्या विम्कोत होते. विम्को म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी. आमच्या घरी जहाज छाप पेटी कधी विकत घ्यावी लागली नाही असं मी शाळेत मुलांना सांगायचे, ते खरं नव्हतं, आम्हीही विकतच घ्यायचो. पण बाबांनी खिशातून पेटी काढून एका झटक्यात काडी ओढली की ती पेटी आमचीच आहे असं वाटायचं. ‘कंपनी स्वीडिश लोकांची’ हे वाक्य लहानपणी शंभरदा ऐकलेलं. स्वीडिश म्हणजे कोण, हे विचारायचं कधी सुचलं नाही. ‘जपानी बाजार’ म्हणताना जपान कुठे कोणाला आठवतो? तसंच ते.

तर तो स्वीडिश इथे होता! या बुटक्या इमारतीत. ही इमारत १८४८ची. लुंडस्ट्रोम नावाच्या दोघा भावांनी १८४५च्या सुमारास या गावात काड्यांचा धंदा मांडला. त्याआधी काडीच्या डोक्यावर पांढरा फॉस्फरस लावत. ती काडी कशावरही घासली तरी पेटायची, खिशातही पेटायची, आणि तो फॉस्फरस हाताळणाऱ्यांच्या जबड्याचं हाड कुजायचं. पाश नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८४४ साली युक्ती काढली: पेटवणारा फॉस्फरस काडीवर नकोच, तो पेटीच्या कडेला लावा, आणि पांढऱ्याऐवजी निरुपद्रवी तांबडा घ्या. म्हणजे काडीला तिची पेटी भेटल्याशिवाय ती पेटणार नाही. आपण रोज देवघरात ओढतो ती ही काडी. लुंडस्ट्रोम बंधूंनी ती जगभर नेली. पुढे लागेरमन नावाच्या माणसाने असं यंत्र उभं केलं की एका टोकाला लाकडाच्या काड्या घालाव्यात आणि दुसऱ्या टोकाला भरलेल्या पेट्या घ्याव्यात.

मी त्या यंत्रांपुढे किती वेळ उभी होते कोण जाणे. बाबा पेट्या भरण्याच्या खात्यात होते. ते संध्याकाळी जे हातवारे करून सांगायचे ते यंत्र मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. अंबरनाथला फाटकाच्या आत आम्हाला कोण सोडणार? माझ्या वडिलांचं काम मला बघायला मिळालं ते त्यांच्या मागे इतक्या वर्षांनी, सात समुद्रांपलीकडे, तिकीट काढून.

मला सगळ्यात आश्चर्य कशाचं वाटलं ते सांगते. त्या लोकांनी काही लपवलं नव्हतं. कुजलेल्या जबड्यांची गोष्ट भिंतीवर होती. कारखान्यात आणि घरोघरी पेट्या चिकटवत बसलेल्या बायका आणि लहान मुलं होती. ईवार क्रूगर नावाच्या ‘काडेपेटी सम्राटा’ने पहिल्या महायुद्धानंतर जगातला निम्म्याहून जास्त काडेपेटीचा धंदा मुठीत घेतला, सरकारांना कर्जं देऊन बदल्यात काडेपेटीचे मक्ते मिळवले, आणि १९३२ साली पॅरिसमध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. मागाहून हिशेबाच्या वह्या उघडल्या तर त्यात खोटेपणाचा डोंगर! आपल्याकडे गावातल्या मोठ्या माणसाचं असं काही निघालं असतं तर एकतर पुतळा झाला असता नाहीतर नाव घ्यायची चोरी.

या गावातला काडेपेटीचा कारखाना १९७०च्या सुमारास बंद झाला. सव्वाशे वर्षं ज्या धंद्यावर गाव जगलं तो गेला. त्यांनी काय केलं? इमारती पाडल्या नाहीत. संग्रहालय तर १९४८पासूनच होतं, कारखाना चालू असतानाच केलेलं. उरलेल्या इमारतींत हळूहळू दुकानं, नाटकवाले, गाणीवाले आले. गावाचा दुसरा जुना धंदा म्हणजे मुंकशोन तळ्याकाठची कागद गिरणी. त्या तळ्याच्या काठी आता ‘स्पीरा’ नावाचं रंगीत काचांचं नाट्यगृह आहे, २०११ साली उघडलेलं. रात्री दिवे लागले की पाण्यात रंग उतरतात. मी ते बघून हरखले तेव्हा जावई हळूच म्हणाले, “वरून सुंदर आहे आई. तळाच्या गाळात अजून जुन्या कारखान्यांचं विष आहे.” मला उगीचच बरं वाटलं. म्हटलं, चला, हीही माणसंच आहेत.

एका रविवारी त्यांनी मला जवळच्या ग्रेन्ना गावी नेलं. तिथे लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या पेपरमिंटच्या कांड्या मिळतात आणि सगळं गाव त्यावर चालतं. त्या कांड्या करायला सुरुवात केली १८५९ साली अमालिया एरिकसन नावाच्या बाईने. विधवा, पदरी लहान मुलगी, हाताशी काही नाही. ही गोष्ट ऐकताना मला स्वीडन दिसेना, उल्हासनगर दिसायला लागलं. बॅरॅकच्या दारात पापड वाळत घालणाऱ्या सिंधी बायका, ज्यांची पोरं माझ्या लहानपणी लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं आणि कंगवे विकायची. अमालियाचा पुतळा ग्रेन्नात आहे. आमच्या बायकांचे पापड मात्र बाजारात बिननावाचेच गेले.

निघताना संग्रहालयातून एक पेटी विकत घेतली. तिच्यावर सूर्याकडे चाललेलं एक उघडं बाळ आहे, १९३६चं चित्र, तिथल्या घराघरांत ओळखीचं. विमानात काडेपेटी न्यायची भीती वाटली. म्हणून काड्या लेकीच्या स्वयंपाकघरात ओतून रिकामी पेटी घेऊन आले. आमच्या बदलापूरच्या शेजारणीने ती हातात घेऊन, उघडून, वास घेऊन विचारलं, “एवढ्या लांबून ही आणलीत? रिकामी?”

परत आल्यावर पंधरा दिवस झोपेचं घड्याळ जागेवर येईना. मग एक दिवस ठरवलं, आपल्याच गावांत पाहुण्यासारखं हिंडायचं. जिथे आयुष्य गेलं तिथे तिकीट काढून आल्यासारखं बघायचं. पर्स घेतली, पाण्याची बाटली घेतली, आणि अंबरनाथ पश्चिमेला उतरले.

रिक्षावाल्याला म्हटलं, “विम्को नाका.” वीस-बावीस वर्षांचा मुलगा. न विचारता मीटर टाकला, याचंही आश्चर्यच. मी विचारलं, “विम्को म्हणजे काय रे?”

“नाक्याचं नाव आहे मावशी.”

“पण नाव कशावरून पडलं?”

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. “कुणा साहेबाचं असेल.”

चूक त्याची नाही. त्याला दिसणार तरी काय? १९२२ साली इंग्रज सरकारने परदेशी काडेपेट्यांवरची जकात एका ग्रोसला दीड रुपया केली, म्हणजे मालाच्या किमतीइतकीच. पेट्या पाठवणं परवडेना, तेव्हा स्वीडिश कंपनीने कारखानेच इथे आणले. विम्को १९२३ची. अंबरनाथ, बरेली, कलकत्ता, मद्रास, आसामात धुबरी. यॉनशॉपिंगची काडी अशी जकात चुकवायला वालधुनी नदीच्या काठी आली. माझे बाबा, आमची दोन खोल्यांची चाळ, माझं शिक्षण, सगळं त्या दीड रुपयातून निघालं. पुढे हाताने पेट्या करणाऱ्या शिवकाशीच्या छोट्या कारखान्यांना करात सवलती मिळाल्या, मोठ्या यांत्रिक कारखान्याला त्यांच्याशी टिकणं अवघड होत गेलं, आणि स्वयंपाकघरात गॅसचा लायटर आला. मीही आणला होता, पहिल्या पगारात, नवा आहे म्हणून. बाबा काही बोलले नाहीत. एकदा फक्त तो हातात घेऊन दोनदा टिकटिक केली आणि ठेवून दिला. २००५ साली कंपनी आयटीसीकडे गेली. अंबरनाथचं फाटक बंद झालं. आता नाका आहे, उंच इमारती आहेत, औषधाचं दुकान आहे.

विम्को एकटी नव्हती. तिच्याही आधी, १९१९ साली, धरमसी मोरारजी केमिकल कंपनी स्थापन झाली आणि तिचा गंधकाम्लाचा आणि खताचा कारखाना अंबरनाथलाच उभा राहिला, देशातल्या पहिल्यावहिल्यांपैकी. तोही गेला. उल्हास नदीच्या पलीकडे मोहन्याचा एनआरसी कारखाना २००९ साली बंद पडला. पण माझ्या गावाला कोणी मेलेलं गाव म्हणेल तर मी भांडेन. ऑर्डनन्स फॅक्टरीचा भोंगा अजून आहे, आनंदनगर एमआयडीसीत दिवसपाळी-रात्रपाळी चालते, पहाटेच्या लोकलमधून डबे घेऊन माणसं उतरतात. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली, तिने आरंभी हाती घेतलेल्या कामांत या कल्याण-अंबरनाथ पट्ट्याची पाणीयोजना होती. बारवी धरणाचं पाणी म्हणूनच आधी कारखान्यांचं, मग आमचं. मोठी नावं गेली आणि लहान गाळे राहिले. लहान गाळ्यांना स्मारक वगैरे सुचत नाही, त्यांना वीजबिल सुचतं.

नाक्यावरून शिवमंदिराकडे गेले. इथे मात्र माझ्यातली स्वीडनहून आलेली पाहुणी खरोखर दिपली. यॉनशॉपिंगला गावाची सनद मिळाली १२८४ साली, तिकडे ते मोठ्या अभिमानाने सांगतात. आमच्या मंदिरातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे सन १०६०. शिलाहार राजा चित्तराजाने काम सुरू केलं आणि मुम्मुणीने पुरं केलं. त्यांचं गाव जन्मायच्या सव्वादोनशे वर्षं आधी इथे पाथरवटांनी काळ्या दगडात नर्तकी कोरल्या होत्या. गाभारा जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जायचं. वरचं शिखर अर्धवट, त्यामुळे थेट पिंडीवर आभाळ. लहानपणी आम्ही महाशिवरात्रीला रांगेत चेंगरत जायचो, तेव्हा वर बघायला फुरसत नव्हती.

आता अंबरनाथची नवी ओळख हीच आहे. ‘प्राचीन शिवमंदिराचं शहर’. कमानींवर मंदिर, फलकांवर मंदिर. गेली काही वर्षं मंदिराच्या परिसरात मोठा कला महोत्सव भरतो, गाणारे-वाजवणारे नामांकित लोक येतात, मुंबईहून माणसं लोकलने अंबरनाथला फक्त गाणं ऐकायला येतात. हे मी कधी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. मंदिराभोवती घाट बांधण्याची, परिसर सुशोभित करण्याची शंभर कोटींच्या वरची योजना हाती घेतली आहे. चांगलंच आहे. ‘अंबरनाथ? ते केमिकलच्या वासाचं?’ असं कल्याणच्या नातेवाइकांकडून ऐकत आम्ही वाढलो. आता लग्नपत्रिकेवर अंबरनाथ छापताना लाज वाटत नाही.

पण बाई, एक गोष्ट मला खुपते. गावाने स्वतःचं नवं नाव शोधायला एकदम साडेनऊशे वर्षं मागे उडी मारली. मधली शंभर वर्षं कुठे गेली? ज्या शंभर वर्षांनी इथे रत्नागिरीहून, साताऱ्याहून, नगरहून माणसं आणली, चाळी बांधल्या, शाळा काढल्या, नाट्यमंडळं काढली, त्या शंभर वर्षांतली एक भिंत गावाने ठेवली नाही. १८६८ साली मुंबई सरकारने या मंदिराचे नकाशे, छायाचित्रं आणि साचे करून घ्यायला मुद्दाम माणसं पाठवली होती. काडेपेटीच्या कारखान्याची फाटकातून आत दिसणारी एक तरी तसबीर नगरपालिकेच्या दालनात टांगावी, असं कोणाच्या मनात आलं नाही. यॉनशॉपिंगने कारखान्याशी संसार निभावला. आम्ही काडीमोड घेतला.

मंदिराला खेटून वालधुनी वाहते. वाहते म्हणायचं. हिचा उगम बघायचा असेल तर काकोळ्याला जावं. तिथे रेल्वेने इंग्रजांच्या काळी बांधलेला जीआयपी टँक आहे, भोवती डोंगर, पाणी काचेसारखं, आणि शेजारी २०१४पासून ‘रेल नीर’चा कारखाना. दादर स्टेशनवर बाटली फोडून पिता ते पाणी आमच्या अंबरनाथचं. तेच पाणी नदी होऊन चार-पाच किलोमीटर खाली येतं तेव्हा त्याला हात लावायचा धीर होत नाही. नोकरीच्या काळात मी विठ्ठलवाडीच्या बाजूने पुलावरून जायचे. वर्गातली मुलं सांगायची, “बाई, आज नदी निळी आहे.” कधी लाल. जीन्स रंगवणाऱ्यांनी जो रंग धुतला तो. नोव्हेंबर २०१४मध्ये रात्री कोणीतरी टँकरने रसायन ओतलं आणि उल्हासनगरातल्या नदीकाठच्या वस्तीतले शेकडो लोक श्वास कोंडून इस्पितळात गेले. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, दंड झाले, कॅम्प पाचमधले जीन्स धुण्याचे कारखाने बंद करावे लागले. नदी थोडी निवळली आणि हजारो हातांचं काम गेलं. दोन्ही एकाच वाक्यात लिहिलं, कारण दोन्ही एकाच वेळी घडलं. मुंकशोनच्या गाळाबद्दल ऐकून मला बरं का वाटलं होतं, ते तुमच्या आता लक्षात आलं असेल.

उल्हासनगरला मात्र पाहुणीचं नाटक फार वेळ टिकलं नाही. स्टेशनबाहेर पाऊल ठेवल्यावर “नमस्कार टीचर!” अशी हाक आली. दाल-पकवानच्या गाडीवरचा, माझ्या हाताखालून गेलेला. पैसे घेईना. म्हटलं, स्वीडनमध्ये एका बिस्किटपावाला पाचशे रुपये मोजून आले, तू निदान वीस तरी घे. त्याने पकवानाचा आणखी एक तुकडा वाढला.

या शहराला कोणी पुनरुज्जीवनाची योजना दिली नाही. १९४७मध्ये इथे होती ती दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची ओसाड छावणी, कल्याण कॅम्प. तिच्यात सिंधमधून आलेली जवळजवळ लाखभर माणसं आणून सोडली. एका बॅरॅकमध्ये मध्ये पडदे टाकून अनेक संसार. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी पाया घातला आणि नदीवरून नाव दिलं उल्हासनगर. निर्वासितांच्या छावणीला उल्हास! माझ्या मते महाराष्ट्रातलं हे सगळ्यात धाडसी नामकरण. पुढे लोकांनी त्याला टिंगलीचं दुसरं नाव दिलं. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. पाटी अमेरिकेची, माल कॅम्प नंबर दोनचा. आमच्या शिक्षकांच्या खोलीत हा विनोद रोज व्हायचा. मी एकदा एका सिंधी पालकाला संकोचत विचारलं, तुम्हाला राग येत नाही? तो म्हणाला, “मॅडम, आमचं नाव घेऊन हसतात. म्हणजे नाव तर झालं ना?”

शाळा सुटल्यावर मी गजानन मार्केटमध्ये साड्या बघायचे. लग्नाचा बस्ता बांधायला ठाण्या-पुण्याहून लोक इथे येतात. फर्निचर, जीन्स, कापड, पापड, मोबाइलची कव्हरं, काय वाट्टेल ते. शहाडची सेंच्युरी रेयॉन सोडली तर मोठ्या भोंग्याचा कारखाना नाही. प्रत्येक बॅरॅकच्या पोटात एक कारखाना. पत्ते आजही बॅरॅक नंबरांचे आहेत, बॅरॅक पडून तिथे सात मजले झाले तरी. त्या मजल्यांची गोष्ट वेगळीच: २००५च्या सुमारास न्यायालयाने ८५५ बेकायदा इमारती पाडायला सांगितल्या, तर २००६ साली त्या दंड घेऊन नियमित करायला सरकारने खास कायदा केला. तेरा चौरस किलोमीटरच्या शहरात २०११च्या जनगणनेत ५ लाख ६ हजार माणसं. म्हणजे एका चौरस किलोमीटरवर सुमारे ३९ हजार. स्वीडनमध्ये तेवढ्याच जागेत सरासरी पंचवीस जण राहतात. मी लेकीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणूनच इथे कोणी हाक मारत नाही गं.”

बाजारपेठ असा अर्थ असलेलं गाव तिकडे. खरी शॉपिंग इकडे. पण गंमत सोडली तरी एक सांगते: नवं नाव घेताना जुनं पुसायची गरज उल्हासनगरला कधी पडली नाही, कारण त्याने आपला कॅम्प आपल्या पत्त्यातच ठेवला. अंबरनाथने हे शेजाऱ्याकडून शिकायला हरकत नव्हती.

संध्याकाळी बदलापूर लोकल पकडली. अंबरनाथ सुटल्यावर उजव्या-डाव्या बाजूला नुसत्या इमारती, मध्ये होऊ घातलेलं चिखलोली स्टेशन. इतकी घरं झालीत की आता मध्ये आणखी एक स्टेशन लागतं! माझ्या लहानपणी बदलापूर म्हणजे भाताची खाचरं, जांभळं आणि पावसाळ्यात कोंडेश्वरचा धबधबा. शिवकाळात इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर, असं म्हणतात. २००१ साली ९८ हजार वस्ती होती, २०११ला पावणेदोन लाख, आणि आता मोजायला बसलं तर मोजणारा थकेल. फलकांवर सगळीकडे ‘निसर्गाच्या कुशीत’. ज्या झाडांची जागा फलकाने घेतली त्यांचंच चित्र फलकावर. जांभळाला मात्र आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. झाडं तोडता तोडता नाव राहिलं ते बरं झालं म्हणायचं.

आणि निसर्गाची कूस कधी कधी वळते. २७ जुलै २०१९ला उल्हास नदीने बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी केली. हजाराहून जास्त प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावं लागलं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी दोन रात्री माझ्याकडे होत्या. आमच्या इमारतीच्या फलकावर ‘रिव्हर व्ह्यू’ असं लिहिलेलं होतं.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. आपली, खरी, सात वाजता होणारी. देवापुढे दिवा लावायला काडी ओढली आणि लक्षात आलं की पेटी शिवकाशीची आहे. बाबांचा कारखान्यातला पितळी हजेरीचा बिल्ला ट्रंकेत होता, तो शोधून काढला. त्यावरचा नंबर अजून वाचता येतो. तो आता सूर्यबाळाच्या रिकाम्या पेटीत ठेवला आहे. अगदी मापाचा बसला.

तुम्ही अंबरनाथचे असाल, किंवा तुमचे आजोबा, मामा, आत्या कधी विम्कोत, धरमसीत, ऑर्डनन्समध्ये, एनआरसीत कामाला असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत माळा काढताना जरा थांबा. बिल्ला, पगाराची चिठ्ठी, खात्यातल्या लोकांचा गणपतीपुढचा फोटो, जुनी जहाज छाप पेटी, काहीही असो. भंगारवाल्याला देऊ नका. जवळच्या वाचनालयात न्या, ग्रंथपालाला दाखवा, मागे नावं आणि साल लिहून ठेवा. यॉनशॉपिंगचं संग्रहालय कारखाना चालू असतानाच सुरू झालं होतं. आपल्याला उशीर झाला आहे, पण ती नावं सांगू शकणारी माणसं अजून हयात आहेत.